काँक्रीटचे पूल आणि त्यांची शीघ्र तपासणी



बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यावर, पीण्या औद्योगिक वसाहतीजवळून सुमारे ४.२ किलोमीटर लांबीचा एक उड्डाणपूल जातो. २०१० साली तो वाहतुकीस खुला झाला. पुढे त्यास सिद्धगंगा मठाचे डॉ. शिवकुमार स्वामीजी यांचे नाव देण्यात आले. हाच महामार्ग पुढे तुमकूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर ही शहरे घेत पुण्यास जातो. म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या मालवाहू गाड्यांच्या दृष्टीने हा पूल बंगळूर शहराचे एक महाद्वारच आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी हे द्वार बंद करण्यात आले. १०२ व १०३ क्रमांकाच्या खांबांमधील गाळ्यात, काँक्रीटला ताण देणाऱ्या पोलादी तारांच्या दोरांत बिघाड आढळला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये हलकी वाहने सोडण्यात आली. परंतु अवजड वाहनांना पुन्हा परवानगी मिळण्यास २०२४ च्या जुलै महिन्याची २९ तारीख उजाडावी लागली. तोपर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ, ट्रक आणि बसगाड्या खालच्या रस्त्यावरील गर्दीतून वाट काढीत होत्या.

बंद झाला तेव्हा हा पूल अवघा अकरा वर्षांचा होता. साहजिकच शहरातील प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : हे आधी का कळले नाही? त्या पुलाविषयी निवाडा देणे हे आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन नाही. परंतु काँक्रीटच्या आत दडलेले नुकसान कळते कसे, ते लवकर कळावे म्हणून आज कोणती साधने हाती आहेत, आणि ती असूनही काय कळावयाचे राहते, हे मात्र सांगता येईल. त्या प्रश्नाच्या उत्तराचा बराचसा भाग त्यातच आहे.

प्रथम काँक्रीट बिघडते कसे ते पाहू. सर्वसामान्य समजूत अशी की काँक्रीट म्हणजे दगड, आणि दगडास काय होणार? परंतु पुलाची स्लॅब म्हणजे नुसते काँक्रीट नव्हे. तिच्यात पोलादाच्या सळया असतात आणि रोग बहुधा या सळयांस जडतो. ताजे, निकोप काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते. अशा परिसरात सळईच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो व तो गंजास अटकाव करतो. ही संरक्षक स्थिती दोन प्रकारांनी नष्ट होते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये झिरपत राहतो आणि त्याचा अल्कधर्म कमी करीत जातो, हा एक प्रकार. मिठातील क्लोराइड पाण्याबरोबर आत जाऊन सळईवरील तो पापुद्रा जागोजागी भेदते, हा दुसरा.

एकदा गंज सुरू झाला की त्याचे आकारमान मूळ पोलादाच्या कित्येक पट होते. त्यास जागा हवी असते, आणि ती तो काँक्रीट फोडून मिळवितो. पुष्कळदा वरच्या सळयांच्या पातळीत एक आडवी भेग पसरत जाते. वरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. परंतु आत काँक्रीटचा एक थर दुसऱ्या थरापासून सुटलेला असतो. भिंतीवरचा गिलावा सुटून फुगतो, पण पडत नाही, त्यातलाच हा प्रकार. मी यास थर सुटणे असेच म्हणेन. पुढे चाकांच्या माऱ्याने तो तुकडा उखडला जातो, खड्डा पडतो, आणि मग लोकांच्या ध्यानात येते. तोपर्यंत कित्येक वर्षे उलटून गेलेली असतात.

येथे एका भौगोलिक भेदाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. पुलांच्या स्लॅबची शीघ्र तपासणी करण्याच्या ज्या पद्धती आज प्रचलित आहेत, त्यांतील बहुतेक उत्तर अमेरिकेत वाढीस लागल्या. तेथे हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ वरून झिरपते, वरच्या सळया गंजतात आणि स्लॅबचा वरचा थर सुटतो. म्हणून तेथील साधने वरून खाली पाहणारी आहेत. बंगळूरला बर्फ पडत नाही आणि समुद्रही दूर आहे. येथे मुख्य शत्रू म्हणजे पाणी. प्रसरण सांध्यांतून गळणारे, तुंबलेल्या नळ्यांमुळे स्लॅबवर साचून राहणारे, आणि सळयांवर काँक्रीटचे आवरण जेथे पातळ राहिले आहे तेथे सहज आत शिरणारे. शिवाय आपल्याकडे स्लॅबवर डांबराचा थर असतो आणि दुरुस्तीच्या निमित्ताने त्यावर आणखी थर चढविले जातात. त्यायोगे पुलावरील भार वाढतो आणि काँक्रीट नजरेआड जाते ते जातेच. कोकण किनाऱ्यावर, मुंबईत आणि गोव्यात परिस्थिती आणखी निराळी. तेथे मीठ हवेतूनच येते आणि ते खालच्या बाजूसही तितकेच बाधते. सारांश, साधन आयात करता येते. पण ते कोठे रोखावयाचे हे आपल्या रोगावरून ठरवावे लागते.

आता तपासणीकडे वळू. सर्वांत जुने साधन म्हणजे डोळे आणि त्यानंतरचे म्हणजे कान. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाच्या टिचकीने वाजवून पाहतो. पक्के असेल तर खणखणते. तडा गेलेला असेल तर बद्द वाजते. पुलाच्या स्लॅबवर हातोडीने ठोकत जाणारा तपासनीस हेच करीत असतो. क्षेत्र मोठे असेल तर एका दांड्यास जड साखळ्या बांधून त्या स्लॅबवरून फरफटत नेतात. निकोप जागी आवाज स्पष्ट आणि टणक येतो. थर सुटलेल्या जागी तो पोकळ होतो. तेथे खडूने रेघ ओढावयाची आणि पुढे जावयाचे. ही पद्धत इतकी साधी आहे की तिच्याविषयी आदर वाटत नाही. वास्तविक ती फार चांगली आहे. अनुभवी माणसाचा कान बहुतेक वेळा फसत नाही.

पोकळ आवाज का येतो, याचे उत्तर बंगळूरकरांनी तरी अभिमानाने ऐकावे असे आहे. सुटलेला थर कडांनी पक्का आणि मध्ये मोकळा असतो. अर्थात तो वाद्यावर ताणलेल्या चामड्याप्रमाणे वर-खाली कंप पावतो. मृदंग आणि तबला यांच्या चामड्याची कंपने हा चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या आवडीचा विषय होता. त्यांनी १९२० पासून त्यावर लिहिले. १९३४ मध्ये या शहरात भारतीय विज्ञान अकादमीची स्थापना झाल्यावर तिच्या कार्यवृत्तातही त्यांनी या वाद्यांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. मृदंगाच्या पुडीवर शाई लावून आपल्या कारागिरांनी तिच्यातून सुसंवादी स्वर काढले. सुटलेल्या काँक्रीटला अशी शाई कोणी लावीत नाही, म्हणून ते बेसूर वाजते, इतकेच.

या जुन्या पद्धतीची अडचण तिच्या अचूकतेत नाही. ती वेळेची आहे, आणि आसपासच्या गोंगाटाची. बाजूच्या मार्गिकेतून ट्रक धावत असताना साखळीचा आवाज ऐकू येत नाही. स्लॅबवर डांबर असेल तर साखळी मुकीच होते. डांबर सुटले आहे की काँक्रीट, हे तिला सांगता येत नाही. शिवाय चार-पाच तासांनंतर माणसाचा कान थकतो आणि खडूच्या रेघा हलगर्जीपणे पडू लागतात.

वेळेचा हिशेब आपण करूनच पाहू. चार किलोमीटर लांबीचा आणि चौदा मीटर रुंदीचा पूल घ्या. त्याचे क्षेत्रफळ छप्पन्न हजार चौरस मीटर होईल. त्यावर दर १.२ मीटर अंतरावर एक याप्रमाणे मोजणीच्या जागा आखल्या तर त्या सुमारे ३९ हजार भरतात. एका जागेस एक मिनिट धरले तरी साडेसहाशे तास लागतील. शहरातील गजबजलेला पूल रात्री चार तासांहून अधिक बंद ठेवता येत नाही असे मानले, तर एका पथकास एकशे साठांहून अधिक रात्री काम करावे लागेल. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे : अशी तपासणी होत नाही. होते ती डोळ्यांनी, खालून आणि दुरून. आणि डोळ्यांच्या तपासणीवर किती विसंबावे, याचे दुःखद उदाहरण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या पादचारी पुलाने १४ मार्च २०१९ रोजी दिले. त्या पुलाची तपासणी पूर्वी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्तीच सुचविण्यात आली होती. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी त्याची स्लॅब खालच्या रस्त्यावर कोसळली.

तेव्हा वेगवान साधनांची गरज येथून उत्पन्न होते. अशा साधनांपैकी चार मी सांगणार आहे. पहिल्या दोघांवर थोडा अधिक वेळ घेईन.

पहिले साधन प्रतिध्वनीचे. हातोडीचेच हे सुधारलेले रूप. काही मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी स्लॅबवर आपटावयाची. तिच्या आघाताने निघालेली लहर काँक्रीटमध्ये खाली जाते, तळाशी पोहोचून परत वर येते, पुन्हा खाली जाते. काँक्रीटमध्ये या लहरीचा वेग सेकंदास सुमारे चार किलोमीटर असतो. स्लॅबची जाडी वीस सेंटिमीटर असेल तर जाऊन येण्याचे अंतर चाळीस सेंटिमीटर झाले. म्हणजे लहर एका सेकंदात अशा सुमारे दहा हजार फेऱ्या करील. पृष्ठभागावर ठेवलेला संवेदक हीच कंप्रता टिपतो. आता दहा सेंटिमीटर खोलीवर थर सुटला असेल तर लहर तेथूनच परतेल आणि कंप्रता दुप्पट, म्हणजे वीस हजारांच्या आसपास होईल. नुसत्या एका आकड्यावरून दोष आहे की नाही, आणि असल्यास किती खोल आहे, हे दोन्ही कळते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत मेरी सॅन्सालोन आणि निकोलस करिनो यांनी ही पद्धत विकसित केली. साखळीच्या मानाने तिचा मोठा गुण हा की कानास ऐकू न येणारा, अजून नुकताच सुरू झालेला दोष ती पकडते. एकेका जागी गोळी आपटत बसणे अर्थातच वेळखाऊ होते. म्हणून आता अनेक आघातक आणि अनेक संवेदक एका रांगेत बसवून ती रांग गाडीमागे किंवा स्वयंचलित यंत्रावर चालविली जाते. साखळीचा आवाज मायक्रोफोनने टिपून वाहनांचा गोंगाट गणिताने गाळून टाकणारी यंत्रेही निघाली आहेत. जुन्या तपासनिसाचा कान त्यांत यंत्ररूपाने शिल्लक आहे, असे म्हणता येईल.

दुसरे साधन रडारचे. विमान शोधण्यासाठी जे तत्त्व वापरतात तेच येथे काँक्रीटच्या आत पाहण्यासाठी वापरले जाते. रेडिओलहरींचा वेग हवेच्या मानाने काँक्रीटमध्ये सुमारे एकतृतीयांश होतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागात त्या तेथे दहा सेंटिमीटर जातात. पाच सेंटिमीटर खोलीवरील सळईपर्यंत जाऊन परत येण्यास नेमका तेवढाच वेळ लागतो. धातूवरून या लहरी पूर्णपणे परावर्तित होतात, म्हणून सळया स्पष्ट दिसतात. सळया कोठे आहेत आणि त्यांवरील आवरण किती जाड आहे, हे रडार फार सुरेख सांगते. परंतु त्याचा खरा उपयोग निराळाच आहे. काँक्रीटमध्ये ओलावा आणि क्लोराइड असले की लहरी वाटेत शोषल्या जातात आणि सळईवरून येणारा प्रतिसाद क्षीण होतो. जेथे प्रतिसाद क्षीण, तेथे गंजास अनुकूल परिस्थिती आहे असा तर्क करता येतो. थर सुटण्याआधी, रोग अजून येऊ घातला असताना, मिळणारी ही सूचना आहे.

आणि रडार धावत्या गाडीवर बसते. जमिनीपासून थोडे वर धरलेले त्याचे शिंग वाहतुकीच्या ओघात चालता चालता मोजणी करते. डांबराचा थर त्यास अडवीत नाही. आपल्या मघाच्या पुलावर साठ सेंटिमीटर अंतराने रेघा आखल्या तर चौदा मीटर रुंदीत सुमारे तेवीस रेघा बसतात. चार शिंगे बसविलेली गाडी त्या सहा फेऱ्यांत पूर्ण करील. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने एका फेरीस सहा मिनिटे. सर्व मिळून, वळण्याचा वेळ सोडून, छत्तीस मिनिटे. एका बाजूस एकशे साठ रात्री, दुसऱ्या बाजूस एक तास! अर्थात या तासाभराच्या मोजणीचा अर्थ लावण्यास नंतर कचेरीत कित्येक दिवस बसावे लागते, ही गोष्ट यंत्र विकणारे सहसा सांगत नाहीत. पण त्या दिवसांत पूल बंद ठेवावा लागत नाही.

तिसरे साधन उष्णतेचे. सुटलेल्या थराखाली हवेची पातळ फट असते आणि हवा उष्णतेची मंदवाहक आहे. सकाळी ऊन लागले की वरचा सुटा तुकडा आसपासच्या काँक्रीटपेक्षा लवकर तापतो, कारण त्याची उष्णता खाली जाऊ शकत नाही. रात्री उलट, तो लवकर निवतो. हा फरक एखाद-दुसऱ्या अंशाचाच असतो. परंतु अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तो डागासारखा उठून दिसतो. कॅमेरा गाडीवर किंवा ड्रोनवरही नेता येतो. मात्र हे साधन मोठे लहरी आहे. आकाश निरभ्र हवे, वारा मंद हवा, स्लॅब कोरडी हवी. कडेच्या झाडाची सावली किंवा सांडलेले तेल यांचेही डाग चित्रात येतात. बंगळूरला जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ढगच अधिक. येथे या कामास जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. रडारही ओल्या स्लॅबवर मंदावते, म्हणून दोघांचा हंगाम एकच ठरतो.

चौथे साधन विद्युत् विभवाचे. गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया असल्याने गंजत असलेल्या सळईचे विभव बदलते. तांबे व मोरचूद यांच्या अर्धघटाशी तुलना केली असता ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर तेथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक मानली जाते. उणे २०० च्या वर असेल तर गंज नसण्याची शक्यता तितकीच. मधल्या पट्ट्यात काहीच निश्चित सांगता येत नाही. यासाठी डांबर काढावे लागते आणि एखादी सळई उघडी करून तारेने जोडावी लागते. अर्थात हे साधन वेगवान नाही. तरी मी त्याचा उल्लेख करतो, कारण रोग आज चालू आहे की जुना आहे, हे वरच्या तिघांना सांगता येत नाही.

या साधनांची तुलनात्मक परीक्षा अमेरिकेत एका मोठ्या संशोधन योजनेत घेण्यात आली. तिचा निष्कर्ष असा निघाला की सर्व प्रकारचे दोष दाखविणारे एकही साधन नाही. म्हणून तेथे रटगर्स विद्यापीठाच्या सहकार्याने असे एक चालते यंत्र तयार करण्यात आले की जे प्रतिध्वनी, रडार आणि काँक्रीटचा विद्युत् रोध यांची मोजणी एकाच फेरीत करते. एका साधनाने संशय व्यक्त करावा आणि दुसऱ्याने त्याची शहानिशा करावी, ही रीत मला योग्य वाटते. खोट्या इशाऱ्याची किंमतही थोडी नसते. निष्कारण बंद केलेला पूल म्हणजे हजारो लोकांचा रोजचा तासभर.

इथपर्यंत ऐकून आपणांस वाटेल की अशी गाडी तुमकूर रस्त्यावरील पुलावरून वेळीच फिरविली असती तर सर्व काही कळले असते. दुर्दैवाने तसे नाही, आणि माझ्या आजच्या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

साध्या स्लॅबमधील सळया आणि पूर्वप्रतिबलित पुलातील तारा यांत मोठे अंतर आहे. पूर्वप्रतिबलित पुलात चार-पाच मिलिमीटर जाडीच्या अत्यंत बळकट तारा एकत्र वळून त्यांचे दोर करतात, नळ्यांतून ओवतात आणि प्रचंड ताण देऊन दोन्ही टोकांस अडकवितात. हा ताण त्यांच्या अंतिम ताकदीच्या सुमारे सत्तर टक्के असतो आणि तो पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत तसाच राहावयाचा असतो. नळीत नंतर सिमेंटचा राडा भरतात, तोच तारांचे कवच. राडा भरताना कोठे पोकळी राहिली आणि तेथे पाणी व हवा पोहोचली, तर तारा आतल्या आत गंजतात. तार मुळातच बारीक आणि ताणलेली. ती फुगून काँक्रीट फोडण्याची वाट पाहत नाही, सरळ तुटते. वरच्या स्लॅबवर थर सुटत नाही, पोकळ आवाज येत नाही, तापमानात फरक पडत नाही. नळी पोलादी असेल तर रडार तिच्या पृष्ठभागावरूनच परत फिरते. ज्या पुलांत हे दोर पेटीसारख्या तुळईच्या पोटात असतात, त्यांच्यापर्यंत तर वरून चालणाऱ्या गाडीची दृष्टी पोहोचतच नाही.

याचे दाखले पुष्कळ आहेत. वेल्समधील इनिस-अ-ग्वास येथील लहानसा पूल १९५३ साली बांधलेला होता. ४ डिसेंबर १९८५ रोजी तो कोणतीही पूर्वसूचना न देता पडला. तुकड्यांच्या सांध्यांतून आत गेलेल्या पाण्याने तारा गंजल्या होत्या. या घटनेचा धसका इतका की पुढे १९९२ मध्ये ब्रिटनने अशा प्रकारचे नवे पूल बांधणे काही वर्षे थांबविले. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, ५ जुलै १९८६ रोजी, पणजी येथे मांडवी नदीवरील नेहरू पूल कोसळला आणि गोव्याच्या दोन भागांतील दळणवळण पुन्हा होड्यांवर आले. खाऱ्या हवेत गंजलेले ताण-पोलाद हे त्याचेही कारण सांगितले जाते. मुंबईजवळ ठाण्याच्या खाडीवरचा १९७३ चा पहिला रस्ता-पूल याच रोगाने अकाली थकला. इटलीतील जेनोआ येथे १४ ऑगस्ट २०१८ रोजी ४३ माणसांचा बळी घेणारा पूलही काँक्रीटमध्ये गुंडाळलेल्या, म्हणून न दिसणाऱ्या, पोलादावर लटकलेला होता.

अशा तारांसाठी शीघ्र उपाय अद्याप नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पेटीच्या पोटात शिरून दोरांची टोके पाहणे, संशयित जागी नळीस लहान छिद्र पाडून आत नळीसारखा कॅमेरा घालणे, चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने तार तुटली आहे का हे शोधणे, किंवा पुलावर कायम संवेदक ठेवून तार तुटल्याचा सूक्ष्म आवाज टिपणे, असे मार्ग आहेत. ते सर्व सावकाश, श्रमाचे आणि खर्चाचे आहेत.

मग वेगाचा उपयोग कोणता? माझे उत्तर असे की जी पाहणी जलद होऊ शकते ती जलद उरकून, हाती असलेली माणसे आणि रात्री या सावकाश कामासाठी मोकळ्या कराव्या. स्लॅबचा हजारो चौरस मीटर विस्तार यंत्राने तासाभरात चाळावा आणि अनुभवी अभियंत्याने तो वेळ पेटीच्या अंधारात, दोरांच्या टोकांशी घालवावा. आज पुष्कळदा याच्या उलट घडते. माणसे वर उन्हात डांबरावरचे खड्डे मोजतात आणि पेटीचे झाकण उघडण्यास वेळ उरत नाही.

वेगाचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. एकदाच केलेली तपासणी फारसे सांगत नाही. रुग्णाचा रक्तदाब आज अमुक आहे, एवढ्यावर वैद्य निदान करीत नाही. तो गेल्या वर्षी किती होता हे विचारतो. रडारचा प्रतिसाद एका ठिकाणी क्षीण आहे, तो काँक्रीटच्या जन्मापासूनच तसा की गेल्या तीन वर्षांत तसा झाला? पहिली नोंद नसेल तर या प्रश्नास उत्तर नाही. एकशे साठ रात्रींची तपासणी पुलाच्या आयुष्यात एकदा झाली तरी पुष्कळ. तासाभराची तपासणी दर वर्षी, पावसाळ्यापूर्वी, होऊ शकते. नव्या पुलाची तर उद्घाटनाच्या आधीच व्हावी. दागिन्यावर छाप उमटवून घेतो तशी ती पहिली नोंद पुलासोबत जन्मभर राहावी. कंत्राटात त्यासाठी एक कलम घालणे काही अवघड नाही.

देशाचा पसारा पाहिला म्हणजे याची निकड पटते. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाने २०१६ साली पुलांच्या नोंदीची व्यवस्था सुरू केली, तेव्हा राष्ट्रीय महामार्गांवरील १,७२,५१७ बांधकामांची यादी तयार झाली. त्यांत १,३४,२२९ मोऱ्या, ३२,८०६ लहान पूल, ३,६४७ मोठे पूल आणि १,८३५ अतिदीर्घ पूल होते. राज्यांचे आणि शहरांचे पूल यात नाहीत. एवढ्या संख्येस एकेका साखळीने पुरे पडणे केवळ अशक्य आहे. तथापि यादी म्हणजे प्रकृतीची नोंद नव्हे. पूल कोठे आहे, किती गाळ्यांचा आहे आणि डोळ्यांना कसा दिसला, एवढे तिच्यातून कळते. त्याच्या आत काय बदलत आहे, हे कळण्यासाठी मोजणीचे आकडे तिच्यात वर्षागणिक भरावे लागतील.

तुमकूर रस्त्यावरील पुलाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. भारतीय विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला. १२० गाळ्यांपैकी प्रत्येकात दोन असे २४० नवे दोर, मूळ बांधकामात मोकळ्या ठेवलेल्या नळ्यांतून घालण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये पुलावर भार ठेवून चाचणी झाली, आणि जुने १,२०० दोर टप्प्याटप्प्याने बदलण्याचे ठरले. यातील एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. मोकळ्या नळ्या होत्या, म्हणून नवे दोर घालता आले. त्या ठेवणाऱ्या कोणा आराखडाकाराने दहा-पंधरा वर्षांपूर्वीच दुरुस्तीचा विचार केला होता. तपासणीचाही असाच विचार आराखड्यात हवा : पेटीत माणसास उभे राहता येईल इतकी उंची, आत उतरण्यास दार, दिवा लावण्याची सोय, आणि दोरांची टोके उघडून पाहता येतील अशी झाकणे.

शेवटी एक अगदी लहान सूचना, कारण कित्येक चांगल्या मोजण्या तिच्या अभावी वाया जातात. यंत्राने काढलेला रंगीत नकाशा सुंदर दिसतो आणि फायलीत जातो. दुसऱ्या वर्षी दुसरे पथक येते, ते आपली मोजणी दुसऱ्याच टोकापासून सुरू करते, आणि दोन नकाशे एकमेकांवर बसत नाहीत. उपग्रहाधारित स्थाननिर्देश उंच इमारतींच्या गर्दीत काही मीटरांनी चुकतो. सुटलेला थर तर पुष्कळदा मीटरभराचाच असतो. म्हणून प्रत्येक गाळ्याच्या आरंभी, कठड्याच्या आतील बाजूस, न पुसली जाणारी एक खूण आणि गाळ्याचा क्रमांक रंगवून ठेवावा, आणि प्रत्येक मोजणी त्या खुणेपासून सुरू करावी. त्यासाठी लागतो तो रंगाचा एक डबा आणि एक रात्र.